मोसरु, पेरुगु, दही

अडतीस मुली, पाच लिटर दूध.
इरव्वा त्यात दोन तांबे पाणी घालायची, म्हणायची,
"पाणी नव्हं गं, तुमची वाटणी वाढवायलेय."
भागाकार मी त्या पातेल्यापाशी शिकले.

रांगेत पुढं असलं तर साय,
मागं राहिलं तर तळ:
करपट, तपकिरी, आणि खरं सांगते, जास्त गोड.
नागमणीला सायीची किळस.
बोटानं उचलून ती माझ्या पेल्याच्या काठाला लावायची.
पेल्यावर कोरलेलं होतं, कै. बंडोपंत यांच्या स्मरणार्थ.
सहा वर्षं रोज सकाळी
मी त्यांच्या स्मरणार्थ दूध प्यायले.
चेहरा माहीत नाही.

श्रीखंड, बासुंदी, पेढे
परक्यांच्या वाढदिवसाला यायचे.
आधी टाळ्या, मग फोटो, मग वाटी.
असल्या वाढदिवसांवर आमची हाडं वाढली.
मे महिन्यात लोक गावाला जायचे,
तेव्हा कुणी जन्मायचंच नाही.

एकदा कॉलेजच्या बाई आल्या, फॉर्म घेऊन.
दुग्धजन्य पदार्थ आठवड्यातून किती वेळा?
रोज, कधीकधी, कधीच नाही.
निलोफरनं विचारलं, "चहातलं धरायचं का?"
बाईंनी पेनाचं टोपण चावलं. म्हणाल्या, "धरा."
झालं, अडतीसच्या अडतीस जणी 'रोज'मध्ये गेलो.
पुढचा प्रश्न, आवडतं का?
तिथं सगळ्यांची पेनं अडली.
नागमणीनं शेवटी कोपऱ्यात लिहिलं,
साय सोडून.

दही मात्र विकतचं नव्हतं.
इरव्वा त्याला मोसरु म्हणायची,
भिंतीपलीकडची नरसव्वा, मांडीवर विड्यांचं सूप घेऊन, पेरुगु.
अधीक्षिका म्हणायच्या दही, आणि संपलं का, एवढंच.
पहिलं विरजण म्हणे नरसव्वाचं,
मी यायच्या कितीतरी आधी भिंतीवरून आलेली एक वाटी.
कालच्यातून आजचं, आजच्यातून उद्याचं.
एका उन्हाळ्यात आमचं नासलं.
इरव्वानं भिंतीवरून हाक मारली,
तिकडून लगेच वाटी आली.
ती मागच्या आठवड्यात आमच्याकडूनच गेलेली.
कोण कुणाचं, हा हिशोब तिथंच सुटला.

अठरा भरली तो सोमवार होता.
एक फाइल, दोन ड्रेस, एक चादर, सहीचा कागद.
इरव्वानं मलमाची धुतलेली डबी हातात दिली.
"आडवी धरू नको," एवढंच बोलली,
आणि कांदे चिरायला वळली.
बसमध्ये जागा असून मी उभी राहिले,
डबी सरळ राहावी म्हणून.

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यामागं खोली.
मागांची खडखड भिंतीतून अंथरुणात येते.
पहिल्या पगाराचं पहिलं अर्धा लिटर
स्टोव्हवर ठेवलं आणि हात आपोआप तांब्याकडं गेला.
थांबले.
एकटीच तर होते, कुणाची वाटणी वाढवायची?
तरी थोडं घातलंच.

सोलापूरचं ऊन दह्याला दम धरू देत नाही.
रात्री लावलं की सकाळी गोड,
बाराला आंबट, चारला बोलायची सोय नाही.
तरी रोज लावते. रोज एक चमचा मागं ठेवते.

काल वरच्या मजल्यावरची पद्मा आली, वाटी घेऊन.
"विरजण मिळंल का?"
दिलं.
तिनं वास घेतला. "चांगलंय. कुठलं?"
मला मलमाची डबी आठवली, भिंत आठवली,
बंडोपंतसुद्धा.
म्हणाले, "घरचं."

ती गेल्यावर चमचा चाटला.
भलतंच आंबट होतं.